राऊळाचा चिरा आणि सरकारी पैसा

चौऱ्यांशीच्या शिळेला पाठ घासायची रीत जुनी. पण माऊली, तिच्यावर कोरलंय काय, हे विचारणारा विरळा. ती आहे देणग्यांची नोंद! शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळाला कोणी काय दिले, ते तिच्यावर आहे. त्यात रामदेवराव यादव आहे, हेमाडपंत आहे आणि इतर भक्तही आहेत. म्हणजे राजाचा पैसा पंढरीला नवा नाही, आणि तो एकट्या राजाचाही नव्हता.

आपल्या काळात राज्य सरकारने देवळाच्या जतनासाठी ७३ कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद झाले, ते २ जूनला उघडले. मधल्या काळात गाभाऱ्यातले ग्रॅनाइट निघाले आणि आतला मूळ काळा पाषाण दिसला. मेअखेरीस कान्होपात्रेच्या देवळाजवळ तळघर लागले, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या.

आता खरी गोष्ट बोलू. देवळांना फरशी नि ऑइलपेंट लावणारे काही वैरी नव्हते, भक्तीनेच लावले. पण रंगाच्या थराखाली ओल कोंडते नि दगड झिजतो. गावोगावच्या देवळांत तेच चालू आहे. नव्या सभामंडपासाठी निधी मागायला सगळे धावतात. जुन्या गाभाऱ्याच्या सांध्यांत चुना भरायला अर्ज कोण करतो?