न्यूयॉर्कचे पाणी आणि डोंगरातील गावांचा करार

न्यूयॉर्क शहर व परिसरातील ९० लाखांहून अधिक लोकांना मिळणारे बहुतांश पाणी कॅटस्किल डोंगररांगा आणि डेलावेअर नदीच्या पाणलोट क्षेत्रातून येते. त्यावर क्लोरीन आणि अतिनील किरणांची प्रक्रिया करण्यात येते. मात्र ते गाळले जात नाही. एवढ्या मोठ्या शहराच्या बाबतीत ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल.

नद्या व जलाशयांचे पाणी गाळूनच पुरवावे, असा नियम अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९८९ मध्ये केला. उगमाकडील पाणी स्वच्छ राखू शकणाऱ्या शहरांना त्यातून सूट होती. गाळणी केंद्राचा खर्च ६ ते ८ अब्ज डॉलर अंदाजण्यात आला. तो टाळण्यासाठी शहराने १९९० मध्ये पाणलोटातील शेती व बांधकामांवर कडक निर्बंधांचा मसुदा काढला आणि डोंगरातील गावे खवळली.

या संतापाला इतिहास होता. १९०७ ते १९१५ या काळात अशोकन जलाशय बांधताना सुमारे २,००० लोक विस्थापित झाले. दफनभूमीतील अवशेषही हलवावे लागले. धरणग्रस्तांचे हे दुःख आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. गावांनी १९९१ मध्ये आघाडी स्थापन केली आणि शहराला वाटाघाटींना बसणे भाग पडले.

पहिला तोडगा निघाला तो शेतकऱ्यांशी. १९९३ मध्ये पाणलोट कृषी परिषद स्थापन झाली. प्रत्येक शेतासाठी स्वतंत्र आराखडा, सहभाग ऐच्छिक आणि खर्च शहराचा, असे सूत्र ठरले. शेण साठविण्याची पक्की सोय झाली, ओढ्यांना कुंपणे पडली. वासरांच्या शेणातून पाण्यात जाणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, हे लक्षात घेता कुंपणाचे महत्त्व कळते.

व्यापक करार १९९७ मध्ये झाला. सक्तीचे भूसंपादन न करता, राजी असलेल्यांकडूनच बाजारभावाने जमीन घेण्याचे आणि तिच्यावरील स्थानिक कर भरण्याचे शहराने मान्य केले. सेप्टिक टाक्यांची दुरुस्ती व सांडपाणी केंद्रांची सुधारणाही शहराच्या पैशातून सुरू झाली. तरीही दऱ्यांमध्ये सपाट जमीन मुळातच थोडी. ती शहराने घेतल्यास नवी घरे कोठे बांधावयाची, ही गावांची तक्रार रास्तच होती.

शहरानजीकच्या, अधिक वस्तीच्या क्रोटन पाणलोटाला मात्र सूट मिळाली नाही. तेथील पाण्यासाठी ३ अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचे गाळणी केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले.