खोबणीतल्या हाडाची कुळकथा

हिरड्यांतून पू व रक्त वाहते आणि दात हलू लागतात, अशा विकाराला सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘दंतवेष्ट’ म्हटले असून दंतमूलाच्या १५ रोगांत त्याची गणना केली आहे. बोलीभाषेत रुळलेला ‘पायोरिया’ हा शब्दही मुळात पू वाहणे याच अर्थाचा, ग्रीकमधून आलेला आहे. दोन्ही वर्णने डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणावर थांबतात. खरी हानी होते ती हिरडीच्या आत, दाताचे मूळ ज्या खोबणीत बसलेले असते त्या जबड्याच्या हाडात. कीटणातल्या जंतूंशी झुंजताना शरीराचाच दाह हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतो, आणि तंबाखू व मधुमेह ही झीज अधिक वेगवान करतात. तंबाखूची मिश्री लावण्याची जुनी सवय असलेल्या, पुणे जिल्ह्यातल्या खेड-मावळच्या घरांत याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

जंतू मारण्याच्या विद्येत पुण्याशेजारच्या पिंपरीचे नाव आधीच लागलेले आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि त्याच्या प्रयोगशाळेत हाती आलेल्या, हॅमायसिन हे बुरशीनाशक देणाऱ्या सूक्ष्मजीवाला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना’ असे नाव मिळाले. परंतु प्रतिजैविक फार तर झीज थांबवते. गेलेले हाड ते परत आणत नाही.

ते आपोआप का परतत नाही, याचे उत्तर टोरोंटोचे अँथनी मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडले: रिकाम्या झालेल्या जागेत ज्या पेशी आधी पोहोचतात त्यांच्या जातीची ऊती तेथे तयार होते, आणि हिरडीचे आवरण हाडापेक्षा कितीतरी वेगाने वाढते. म्हणून हिरडी उलगडून मुळे साफ करणे, पोकळीत हाडाची भुकटी भरणे आणि, १९८२ मध्ये स्टुरे निमन व सहकाऱ्यांनी दाखविल्याप्रमाणे, मध्ये पातळ पडदा ठेवून हिरडीच्या पेशींना रोखून धरणे, असे उपाय रूढ झाले. हे सारे उपाय जागा राखण्याचे होते. हाडाला ‘वाढ’ असे सांगणारे त्यांत कोणी नव्हते.

तो सांगावा सापडला दंतवैद्यकाबाहेर. लॉस एंजेलिसचे अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी आम्लाने खनिज काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत रोवले, तेव्हा जेथे हाडाचा संबंधच नाही अशा मांसात नवे हाड तयार झाले. हा शोध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्ली विद्यापीठात शिकलेले ए. हरी रेड्डी यांनी पुढे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांच्यासह या घडणीचा क्रम, आधी कूर्चा, मग हाड, मग मज्जा, उंदरांमध्ये बारकाईने टिपला. हाडाला चेतवणाऱ्या या प्रथिनांची जनुके, म्हणजे ती घडवण्याचे पेशीतले लिखित आदेश, १९८८ मध्ये जॉन वॉझ्नी व सहकाऱ्यांनी वेगळी केली. रक्तकणिकांपासून (प्लेटलेट्स) मिळणारे पीडीजीएफ हे वाढप्रथिन हिरडीखालच्या हाडाच्या दोषांसाठी अमेरिकेत २००५ मध्ये मान्य झाले. पण असे प्रथिन जखमेतून लवकर वाहून वा विरून जाते, त्यामुळे मात्रा मोठी आणि खर्चही मोठा.

येथूनच जनुकोपचाराचा विचार निघाला. प्रथिन देण्याऐवजी त्याचे जनुक दिले, तर जखमेतल्या पेशी स्वतःच काही दिवस ते बनवत राहतील, हा त्यामागचा सरळ हिशेब होय. मिशिगनच्या विल्यम जियानोबिले यांच्या गटाने २००४ मध्ये निरुपद्रवी केलेल्या अ‍ॅडिनोविषाणूतून पीडीजीएफचे जनुक उंदरांच्या दाढांशेजारच्या दोषांत पोहोचवले, तेव्हा नियंत्रण गटाच्या तुलनेत पोकळी सांधणारे हाड सुमारे चौपट आणि मुळावरचे सिमेंटम हे आवरण सुमारे सहापट भरून आले. मात्र १९९९ मध्ये फिलाडेल्फियातील एका चाचणीत अ‍ॅडिनोविषाणू टोचलेल्या तरुणाचा मृत्यू झाला होता, त्यामुळे विषाणूविना वाट शोधणे भागच होते. आयोवाचे सतीश एलंगोवन व अलिअसगर सालेम यांनी प्लास्मिड, म्हणजे जनुकाची वर्तुळाकार डीएनए-कडी, कोलॅजेनच्या स्पंजात भरून २०१४ मध्ये उंदरांच्या कवटीत हाड उगवून दाखवले, आणि पुढच्याच वर्षी त्याच कामासाठी आरएनए वापरला. हे तंत्र आता परके राहिलेले नाही: पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरील हिंजवडीत जेनोव्हा कंपनीने तयार केलेल्या एमआरएनए लसीला २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली, अर्थात तिचा हेतू अगदी वेगळा होता.

‘शस्त्रक्रियेऐवजी जनुकोपचार’ ही घोषणा मात्र अर्धीच खरी मानावी लागते. प्रयोगांतले स्पंज ठेवण्यासाठीही ऊती उघडावी लागलीच, आणि कीटण न काढता कोणतेही जनुक टिकाव धरणार नाही. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील दंतमहाविद्यालयातील पुनरुज्जीवन वैद्यक प्रयोगशाळेत दातांच्या गरातील मूलपेशींचा अभ्यास होतो, तो जनुकोपचार नव्हे. त्याचा भाऊबंद म्हणता येईल. दरम्यान फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीने रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्याची जाळीदार गुठळी हाडाच्या पोकळीत ठेवणे, हे भारतातल्या दंतमहाविद्यालयांत नित्याचे झाले आहे, आणि त्या गुठळीतल्या रक्तकणिका जी प्रथिने सोडतात त्यांत पीडीजीएफही असतेच.