नळीवरची झळाळी : शिकलगारांच्या हस्तकौशल्याचा एक विस्मृत अध्याय

भीमेच्या काठी वसलेला अफजलपूर तालुका मराठी माणसाला परिचित आहे तो श्रीक्षेत्र गाणगापूरमुळे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या टापूचे आणखी एक वैशिष्ट्य जाणवते. याच्या एका अंगाला कलबुरगीचा बहमनी किल्ला आणि दुसऱ्या अंगाला आदिलशाहीची राजधानी विजापूर, अशी दोन शस्त्रसंपन्न केंद्रे आहेत. कलबुरगीच्या किल्ल्यावरील सुमारे २९ फूट लांबीची तोफ आणि विजापूरच्या बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ पाहावयास आजही लोक जातात. मलिक-ए-मैदान इ. स. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली आणि ती ओतणाऱ्या महंमद रूमीचे नावही इतिहासाला ठाऊक आहे. थोर तोफांना नावे मिळाली, त्यांच्या लांबीरुंदीची मोजमापे झाली. परंतु हातात मावणाऱ्या पिस्तुलाची किंवा खांद्यावरच्या बंदुकीची नळी घासून, पुसून, उजळून देणाऱ्या हातांची नोंद कोणी ठेवली?

या कामाचे महत्त्व समजण्यासाठी जुन्या नळीची घडण ध्यानी घ्यावी लागते. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त ती वर्णिली आहे. लोखंडाची पट्टी चपटी करून तिरकी गुंडाळावयाची, तिचे वेढे कडेला कड न भिडवता एकमेकांवर थोडे चढवावयाचे आणि मग क्रमाक्रमाने तापवून ते सांधावयाचे. अशी घडवलेली नळी भट्टीतून निघते तेव्हा आतून-बाहेरून खडबडीत असते. आतली बाजू सरळ व गुळगुळीत नसेल तर गोळी नीट बसत नाही आणि नेमही साधत नाही.

दुसरा शत्रू काळी दारू. ती जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन न जाता घन राखेच्या रूपाने मागे उरतो. या राखेतील क्षार हवेतील ओल शोषून घेतात आणि पावसाळी हवेत लोखंडाला पाहता पाहता गंज चढतो. म्हणून नळी साफ करणे हा हौसेचा भाग नव्हता. शिपायाचा जीव त्यावर अवलंबून असे.

हे काम किती कष्टाचे होते, याची साक्षही ‘ऐन-ए-अकबरी’च देते. पूर्वी एका बळकट माणसाला लोखंडी हत्यारे घेऊन बराच वेळ झटावे लागे. पुढे बैलाने फिरवावयाचे असे एक चाक निघाले की, ज्याच्या योगे सोळा नळ्या एकदम आणि थोडक्या वेळात साफ होत. अबुल फझल या शोधाचे श्रेय बादशहाला देतो. आधुनिक इतिहासकार मात्र त्याचा संबंध फतहुल्ला शिराझी या विद्वानाशी जोडतात. हा शिराझी अकबराकडे १५८३ मध्ये गेला. त्यापूर्वी तो विजापूरला पहिल्या अली आदिलशहाच्या आश्रयास होता. श्रेय बादशहाचे की पंडिताचे, हा वाद चालू राहो. त्या बळकट माणसाचे नाव मात्र दोन्ही पक्षांत नाही.

त्याच्या व्यवसायाचे नाव तेवढे आपल्या भाषेने जपले आहे. अरबीत ‘सैकल’ म्हणजे उजाळा, झिलई. त्याला ‘गर’ हा फारसी प्रत्यय लागून सैकलगर झाले आणि त्याचेच मराठी रूप ‘शिकलगार’. तलवार, भाला, कट्यार यांना पाणी व झिलई देणाऱ्या या कारागिरांकडे बंदुकांच्या युगात नळ्यांचेही काम आले. त्यांचे मुख्य साधन कुरुंद. हा अतिकठीण दगड दक्षिण भारतात सापडतो आणि त्याचे इंग्रजी नावही दक्षिणी भाषांतूनच गेले आहे. कुरुंदाची पूड लाखेत कालवून सहाणेचे चाक करीत. एकाने दोरी ओढून ते फिरवावे आणि दुसऱ्याने त्यावर लोखंड धरावे. शेवटचा हात मात्र बोटांचाच. जाड पुडीचे ओरखडे पुरते गेल्यावाचून बारीक पूड घ्यावयाची नाही, हा या विद्येचा पहिला नियम. आणि कोठे थांबावे हे जाणणे हा शेवटचा.

या विद्येवर घाला पडला तो कायद्याचा. १८५७ च्या उठावात कंपनी सरकारने निःशस्त्रीकरणाचा कायदा केला. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी शस्त्रे देण्यास नकार दिला, तेव्हा त्याच वर्षी त्यांचे बंड निर्दयपणे मोडण्यात आले. पुढे लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्रकायदा आला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे इंग्रजी मुलखात गुन्हा ठरले. अफजलपूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, जवळच अक्कलकोटचे संस्थान आणि त्यापलीकडे इंग्रजांचे सोलापूर. तीन सत्तांचे नियम निराळे असले तरी कारागिराच्या दृष्टीने परिणाम एकच झाला : घरोघरची शस्त्रे कमी झाली आणि गिऱ्हाईक आटले. शस्त्रे उजळणारे हात सुऱ्या, कात्र्या आणि विळ्यांना धार लावू लागले. आज अनेक कुटुंबांत शिकलगार हे केवळ आडनाव उरले आहे.

आता उरलेल्या वस्तूंविषयी. खंडेनवमीला जुन्या वाड्यांतून पूर्वजांची शस्त्रे पूजेसाठी बाहेर निघतात. एखाद्या वाड्यात निकामी झालेले जुने पिस्तूल असते. पूजेपूर्वी घरातील उत्साही तरुण ते काचकागदाने घासून चांदीसारखे लखलखीत करतो. हेतू श्रद्धेचा असतो, पण परिणाम विपरीत होतो. वेढ्यांच्या घडणीमुळे लोखंडावर उमटलेली लहरींची नक्षी, जिला जाणकार ‘जौहर’ म्हणतात, ती झिजते. कोफ्तगारीची सोन्याची तार सुटते. आणि कारागिराची मुद्रा किंवा सालाचा आकडा असेल तर तोही नाहीसा होतो. शतकांनी जे राखले ते एका सकाळी पुसले जाते.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे. घरी असे शस्त्र असेल तर प्रथम त्याविषयीचा कायदा जाणून घ्यावा. त्यावरील अक्षरे उतरवून घ्यावीत, छायाचित्र काढावे, आणि मऊ कापडाने धूळ पुसून पुढील काम वस्तुसंग्रहालयाच्या जाणकारावर सोपवावे. ज्या अनाम माणसाने ती नळी आपल्या हाताने उजळली, त्याची एवढीच सही आपल्यापाशी शिल्लक आहे. ती आपणच खोडू नये.