सिंहगडची लढाई आणि उमरठची स्मरणपरंपरा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
1665 च्या पुरंदर तहान्वये मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत कोंढाणा हा महत्त्वाचा किल्ला होता. तो परत घेताना 4 फेब्रुवारी 1670 रोजी सुभेदार तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे त्यांची समाधी असून माघ वद्य नवमीस तेथे पुण्यतिथी साजरी होते. या स्मरणामागील इतिहास मात्र सर्वत्र एकसारखा नाही.

साधनांतील भेद :
राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1697 च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीत मावळे कडा चढून गेल्याचे व तानाजी पडल्यावर सूर्याजीने लढाई पुढे नेल्याचे वर्णन आहे. तीत यशवंती घोरपडीचा उल्लेख नाही. ही कथा शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून लोकमानसात रुजली. या बलिदानावरूनच गडास ‘सिंहगड’ हे नाव पडले, हा समज हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने दृढ केला. वस्तुतः शिवाजी महाराजांच्या 1663 मधील पत्रात हे नाव आढळते.

निष्कर्ष :
तथापि पोवाडा अनैतिहासिक म्हणून त्याज्य ठरवणे योग्य नव्हे. लढाईच्या तपशिलासाठी बखर व पत्रे, तर समाजाने तिची स्मृती कशी जपली हे जाणण्यासाठी पोवाडा, असा साधनविवेक आवश्यक आहे. घोरपड वगळल्याने पराक्रम उणावत नाही; उलट रात्रीच्या अंधारात कडा चढणाऱ्या अनाम मावळ्यांचे श्रेय त्यांना परत मिळते. उमरठच्या स्मरणात त्यांनाही स्थान लाभणे, हीच इतिहासाशी सुसंगत मानवंदना ठरेल.