डेकखाली वाकून पाहणारे

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मराठी घरी पाहुणा आला, की यजमान घर दाखवत दाखवत त्याला स्वयंपाकघराच्या मागच्या सरकत्या काचेच्या दाराशी आणतो आणि म्हणतो, "आणि हा आमचा डेक." बाहेर पाऊल टाकलं की पायाखाली फळ्या, दोन फळ्यांमध्ये पेन्सिलीएवढी फट, कडेला कठडा, कोपऱ्यात झाकलेली बार्बेक्यूची शेगडी आणि उन्हाळा असेल तर कुंडीतली तुळस. पाहुणा कठड्याला टेकून मागची झाडं बघतो, झकास आहे म्हणतो. खाली वाकून कोणी बघत नाही. डेकचा इतिहास मात्र बराचसा त्या खालच्या अंधारातच घडलेला आहे.

अमेरिकन घराला आधी ओसरी होती आणि ती पुढच्या अंगाला होती. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग याने 1842 साली 'कॉटेज रेसिडेन्सेस' हे घरांच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं आणि मध्यमवर्गाच्या घराला व्हरांडा हवाच, असा धोशा लावला. व्हरांडा हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून, पोर्तुगीजांच्या वापरातून उचललेला. म्हणजे अमेरिकन माणसाच्या झुलत्या खुर्चीचं नाव-गाव थोडं आपल्याकडचंही आहे. पुढे शंभरेक वर्षं पोर्चवर बसून रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करणं हा तिथला रिवाज राहिला. मग रस्त्यावर मोटारी वाढल्या, घरात टीव्ही आणि एअर कंडिशनर आले आणि पुढच्या अंगणात बघण्यासारखं काही उरलं नाही. घराने तोंड फिरवलं. माणसं परसात जाऊन बसू लागली.

त्या परसाला रूप दिलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने. सोनोमा परगण्यातल्या डॉनेल कुटुंबासाठी 1948 साली त्याने केलेली बाग आजही वास्तुकलेच्या पुस्तकांत असते. मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव आणि शेजारी रेडवूडच्या फळ्यांचा डेक. डेकच्या आड आलेले ओक त्याने तोडले नाहीत; फळ्यांना भोकं ठेवून झाडं वर येऊ दिली. उतारावर भराव न घालता सपाट जागा मिळते, हे कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर राहणाऱ्यांना लगेच पटलं. 'सनसेट' मासिकाने ते घरोघर पोहोचवलं.

पण रेडवूडचा गाभा महाग, आणि तो मिळणार पश्चिम किनाऱ्यावर. बाकीच्या देशात स्वस्त पाइनची फळी उघड्यावर टाकली, तर काही वर्षांतच बुरशी आणि वाळवी तिचा फडशा पाडायची. डेक सगळ्यांच्या आवाक्यात आला तो एका भारतीय माणसामुळे, आणि हे अमेरिकेत फारसं कोणाला ठाऊक नाही.

सोंटी कामेशम हे डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमधले संशोधक. लाकूड टिकवणारी विषं तेव्हाही माहीत होती. अडचण अशी, की पाऊस पडला की ती धुऊन जात. कामेशम यांनी 1933 साली तांबं, आर्सेनिक आणि क्रोमियम एकत्र आणले. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किडीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी असं जखडून टाकतं, की पाणी त्यांना सहसा हलवू शकत नाही. त्याला 'आस्कू' असं नाव पडलं. आर्सेनिक आणि तांब्याच्या रासायनिक चिन्हांची जोडी. अमेरिकन पेटंट 1938 साली मिळालं. लोखंडी टाकीत लाकूड भरायचं, हवा ओढून घ्यायची आणि मग दाबाखाली हे द्रावण आत सोडायचं. सुरुवातीला यातून खांब निघाले. 1970 नंतर याच हिरवट झाक असलेल्या पाइनच्या फळ्या अमेरिकेतल्या लाकडाच्या वखारींत रचून ठेवलेल्या दिसू लागल्या.

आणि इथून धंद्याचं स्वरूप पालटलं. नळाचं काम करायला प्लंबर लागतो, विजेचं करायला इलेक्ट्रिशियन. डेकला ना नळ, ना वायर. एक पिकअप ट्रक, एक करवत आणि एक हातोडा असला की कोणीही डेकवाला. शनिवार-रविवारी मेहुण्याला हाताशी घेऊन घरमालकही डेकवाला. काम सोपं दिसतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

मेख अगदी शब्दशः. डेकची एक बाजू खांबांवर उभी असते. दुसऱ्या बाजूला खांब नसतात. तिथे घराच्या भिंतीला एक जाड आडवी फळी ठोकलेली असते. तिला लेजर म्हणतात. डेकचे सगळे वासे एका टोकाने या फळीला लटकलेले. पुण्याच्या जुन्या वाड्यातला कडीपाट आठवा: तुळयांची टोकं भिंतीच्या आत टेकलेली असतात, वजन थेट खाली भिंतीवर उतरतं. लेजरचं तसं नाही. ती भिंतीच्या अंगावर बाहेरून चिकटलेली. ती नुसत्या खिळ्यांनी ठोकली, तर माणसं डेकवर नाचू लागली की खिळे हळूहळू आले त्या वाटेने बाहेर सरकतात. शिवाय भिंत आणि फळी यांच्या मधे पत्र्याची पट्टी नीट बसवली नसेल, तर पाणी मुरून भिंतीतलं लाकूड कुजतं, आणि मग खिळा धरणार कशाला? आरपार बोल्टला हा आजार तितकासा नाही. पण बोल्टसाठी भोक पाडावं लागतं, आत जाऊन नट आवळावा लागतो, वेळ जातो. दोन कारागिरांच्या दरपत्रकांत फरक दिसतो तो बऱ्याचदा असल्याच न दिसणाऱ्या तासांचा. गिऱ्हाईक मात्र कठड्याच्या नक्षीची तुलना करतं.

नियमावलीत नुसत्या खिळ्यांच्या ओढीवर विसंबू नका असं आधीपासून होतं, पण मग बोल्ट किती जाडीचे आणि किती अंतरावर, याचा तयार तक्ता नव्हता. व्हर्जिनिया टेक आणि वॉशिंग्टन स्टेट या विद्यापीठांत लेजरचे नमुने यंत्रात घालून मोडेपर्यंत दाबले गेले, आणि घरबांधणीच्या राष्ट्रीय नमुना-नियमावलीच्या 2009च्या आवृत्तीत तो तक्ता आला. टॉमस चर्चच्या डेकनंतर साठ वर्षांनी.

मधल्या काळात शिकागो घडलं होतं. तिथल्या तीन मजली घरांच्या पाठीमागे लाकडी जिने आणि पोर्च असतात. आग लागली तर सुटकेची दुसरी वाट. 29 जून 2003 च्या मध्यरात्रीनंतर लिंकन पार्क भागात एका घरी पार्टी चालू असताना वरचा पोर्च खालच्यावर कोसळला. 13 तरुण मुलं-मुली गेली, 57 जखमी झाले. पोर्च 1998 साली बांधलेला होता आणि त्यासाठी महापालिकेचा परवाना काढलेलाच नव्हता. परवाना म्हणजे काही दिवस, थोडी फी आणि एक नकाशा. कारागीर म्हणतो, "कशाला उगाच, मी करून टाकतो," आणि मालकालाही ते गोड वाटतं. परवाना नाही म्हणजे तपासनीस नाही, आणि तपासनीस नाही म्हणजे खाली वाकून बघणारा एकही माणूस नाही.

त्याच वर्षअखेरीस आणखी एक गोष्ट झाली. आर्सेनिकच्या धास्तीने, कामेशम यांच्या मिश्रणाचं लाकूड घरगुती वापरासाठी तयार करणं 31 डिसेंबर 2003 पासून बंद झालं. पर्यावरण खात्याशी तसा करार उत्पादकांनी 2002 साली केला होता. नव्या मिश्रणांत आर्सेनिक नाही, पण तांबं पुष्कळ, आणि ते साध्या खिळ्यांना खाऊन टाकतं. जाड जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लागतात. जुन्या सवयीचा कारागीर नव्या लाकडावर खिळ्यांचा जुनाच खोका उघडून बसला, तर पहिल्या वर्षी काहीच कळत नाही. तेव्हापासून जाणता घरमालक फळीच्या रंगाआधी स्क्रूचा प्रकार विचारतो.

लाकडाची गोष्ट एक, पैशांची दुसरी, आणि ती जास्त जुनी आहे. 1934 च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी हमीवर घरदुरुस्तीची कर्जं सुरू झाली. युद्धानंतर त्या कर्जांभोवती फिरत्या विक्रेत्यांची टोळधाड जमली. लोक त्यांना 'स्वेड शू बॉइज' म्हणत, मऊ चामड्याचे बूट घालून दारात उभे राहणारे. त्यांचा लाडका डाव असा: "तुमचं घर आम्ही या भागातलं नमुन्याचं घर करणार. ते बघून जितकी कामं मिळतील, त्या प्रत्येकावर तुम्हाला कमिशन. म्हणजे काम जवळजवळ फुकटच." कर्जाच्या कागदांच्या चळतीतच 'काम पूर्ण झालं' हा दाखलाही सरकवलेला असे. घरच्या बाईंनी सही केली की बँकेकडून पैसे सुटत, आणि बूट पुन्हा दिसत नसत. 1954 साली हे सगळं चव्हाट्यावर आलं, सिनेटची चौकशी बसली आणि आयझेनहॉवर यांच्या सरकारने गृहकर्ज खात्याच्या प्रमुखाला घरी पाठवलं. दारावर आलेल्या विक्रेत्याशी केलेला करार तीन दिवसांत मोडण्याचा हक्क पुढे 1970 च्या दशकात मिळाला. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या कामासाठी उचल किती घ्यावी हेही कायद्याने बांधून टाकलं आहे: रकमेच्या 10 टक्के किंवा 1000 डॉलर, यातली जी कमी असेल ती. लाकूड आणायचंय म्हणून अर्धे पैसे आत्ताच द्या, हे वाक्य तिथे कानावर आलं की समजणारे समजतात.

याहून जुना फास म्हणजे मेकॅनिक्स लीन. वॉशिंग्टन शहर उभं करायचं होतं आणि कारागीर उधारीवर यायला राजी नव्हते. जेफर्सन आणि मॅडिसन यांच्या पाठिंब्याने मेरिलँडच्या विधिमंडळाने 1791 साली कायदा केला: मजुरी किंवा मालाचे पैसे थकले तर त्या इमारतीवरच बोजा चढवता येईल. कष्टकऱ्याच्या बाजूचा चांगला कायदा. पण आज त्याचा अर्थ असाही होतो, की मालकाने कंत्राटदाराला पै-पै चुकती केली आणि कंत्राटदाराने वखारवाल्याला बुडवलं, तर वखारवाला मालकाच्या घरावर बोजा टाकू शकतो. एका डेकचे पैसे दोनदा. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी वखारवाल्याकडून 'आमचं येणं नाही' असा कागद मागतात. अनोळखी माणसाला हे विचारायचं म्हणजे मराठी माणसाला संकोच वाटतो, पण तिथे कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

परवानाधारक कंत्राटदार निवडला की झालं, असंही नाही. कॅलिफोर्नियाचं कंत्राटदार परवाना मंडळ 1929 पासून आहे. तरी 16 जून 2015 रोजी बर्कलीत पाचव्या मजल्याची बाल्कनी तुटून सहा तरुण दगावले. त्यातले पाच आयर्लंडहून सुट्टीत काम करायला आलेले विद्यार्थी. इमारत जेमतेम आठ वर्षांची. आत अडकलेल्या ओलाव्याने आधाराचं लाकूड कुजून भुसभुशीत झालेलं. मग उघड झालं, की ज्यांनी ती बांधली त्यांनी आधीच्या तीनच वर्षांत सदोष बांधकामाच्या दाव्यांत 2 कोटी 65 लाख डॉलरच्या तडजोडी केल्या होत्या, आणि मंडळाला त्याचा पत्ता नव्हता, कारण कळवण्याचं बंधनच नव्हतं. 2018 च्या एका कायद्याने अनेक घरांच्या भाड्याच्या इमारतींबाबत 10 लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या तडजोडी मंडळाला कळवणं सक्तीचं झालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने अशा इमारतींच्या बाल्कन्या दर सहा वर्षांनी तपासायचं ठरलं.

उत्तरेकडे मिनेसोटात तपासणी फळी लागण्याच्याही आधी सुरू होते. हिवाळ्यात तिथली जमीन खोलवर गोठते, फुगते आणि उथळ पाया असलेला खांब उचलून टाकते. मिनिआपोलिसच्या आसपास खांबाचा पाया 42 इंच खाली जावा लागतो. काँक्रीट ओतलं की खोली कोणालाच कळणार नाही, म्हणून खड्डे उघडे ठेवून कारागीर वाट बघत बसतो. तपासनीस येतो, गुडघे टेकतो, खड्ड्यात टेप सोडतो, आकडा वाचतो, तळाची माती मोकळी आहे का बघतो आणि कार्डावर सही करतो. मग काँक्रीटची पहिली पोती फुटतात.