थंड इंजिन बंद पडणे
पेट्रोल मोटार सकाळी सुरू होताच बंद पडते, पण तापल्यावर नीट चालते, तेव्हा दोष बहुधा मिश्रणात असतो. थंड धातूवर पेट्रोलची वाफ पुरेशी होत नाही, म्हणून १४.७ : १ या हवा-पेट्रोल प्रमाणापेक्षा दाट मिश्रण लागते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते चोक ओढून मिळे. इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक कूलंटच्या तापमान-सेन्सरवर विसंबतो. त्याचा रोध २०° से.ला साधारण २ ते ३ किलोओहम, ८०° से.ला सुमारे ३०० ओहम असतो. इंजिन थंड असतानाही तो कमी भरला, तर संगणक इंजिन तापलेले समजतो आणि मिश्रण दाट करत नाही. आधी प्लग बदलणे ही घाई. ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावर इंजिन टिकत असेल, तर काजळलेली थ्रॉटल बॉडी किंवा आयडल व्हॉल्व्ह पाहावा. चिरलेला व्हॅक्यूम पाइप आणि इंधनदाब त्यानंतर.