संकटग्रस्त वनस्पतींचा संरक्षण-अग्रक्रम

नामशेष होण्याचा धोका असलेल्या वनस्पतींपैकी कोणत्या जातींचे संरक्षण प्रथम करावयाचे, हे ठरविण्याची पद्धत. मनुष्यबळ व निधी मर्यादित असल्याने असा क्रम लावणे अटळ ठरते. जातीची विरळता, तिचे क्षेत्र, तिच्यावरील संकट आणि वर्गीकरणदृष्ट्या तिचे वेगळेपण यांचा त्यात विचार होतो.

एखादी जाती दुर्मिळ झाली हे कळण्यास ती पूर्वी कोठे होती याची नोंद हवी. पश्चिम भारतापुरती अशी नोंद मुख्यतः पुण्यात झाली. येथील विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील आपला ग्रंथ १९०१–०८ या काळात प्रसिद्ध केला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेची (स्थापना १८९०) १९५४ मध्ये पुनर्रचना झाली व १९५५ मध्ये पुण्यात तिचे पश्चिम विभागीय केंद्र निघाले. पुण्यातील जुने शुष्क नमुने या केंद्राच्या संग्रहात आले. अग्रक्रमाच्या चर्चेत या धूळ खाणाऱ्या कागदांचे महत्त्व सहसा सांगितले जात नाही.

राष्ट्रीय पातळीवरील पहिला व्यापक आढावा एस. के. जैन व ए. आर. के. शास्त्री यांनी १९८० मध्ये घेतला. त्यानंतर १९८७–९० मध्ये भारतीय वनस्पतींच्या ‘रेड डेटा बुक’चे तीन खंड निघाले. त्यांत सु. ६२० जातींची माहिती आहे.

शिंदळमाकडी (फ्रेरिया इंडिका) हे या संदर्भात बोधप्रद उदाहरण होय. डाल्झेल यांनी १८६५ च्या सुमारास जुन्नर परिसरातील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले व मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव प्रजातीस दिले. तिचे खोड मांसल असून पावसाळ्यात त्यावर पाने येतात. फुले तांबूस-जांभळी व पिवळ्या ठिपक्यांची असतात. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय ‘रेड डेटा बुक’मध्ये तिचा समावेश झाला. पुढे शिवनेरीखेरीज पुरंदर, वज्रगड, सज्जनगड इ. ठिकाणीही ती आढळली. ती उभ्या कड्यांच्या कपारींत वाढते. गुरांपासून तिचे रक्षण कायद्यापेक्षा कड्यानेच अधिक केले आहे. खोडाच्या तुकड्यांपासून ती सहज वाढते, त्यामुळे परदेशी संग्राहकांच्या कुंड्यांत ती आहे. तथापि कुंडीतील रोपांमुळे कड्यावरील समूह सुरक्षित होत नाही.

तिला अग्रस्थान मिळण्याचे एक कारण तिची प्रजाती एकजातीय मानली जात होती, हे होय. काही वर्गीकरणतज्ञ आता तिचा अंतर्भाव बौसेरोसिया या प्रजातीत करतात. तसे मानल्यास तिचे हे वेगळेपण उरत नाही, कड्यावरील धोका मात्र तेवढाच राहतो.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने १९९४ मध्ये संख्यात्मक निकष स्वीकारले. प्रौढ वनस्पती ५० पेक्षा कमी असल्यास जाती अतिसंकटग्रस्त ठरते. मोजणी मात्र शोधावर अवलंबून असते. वुड्रो व स्टाफ यांनी १८९४ मध्ये वर्णिलेली व पुण्यातील संग्राहक रानडे यांचे नाव असलेली सोनघंटा (ॲब्युटिलॉन रानडेई) दीर्घकाळ न आढळल्याने नामशेष झाली असावी, असा समज होता. पुढे ती सह्याद्रीत पुन्हा सापडली.

कायद्याने लावलेला क्रम याहून निराळा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये १९९१ च्या दुरुस्तीने घटपर्णी, कुठ, निळा व तांबडा वांडा इ. सहा वनस्पती वा वनस्पतिगट समाविष्ट झाले. व्यापारासाठी होणारी तोड रोखणे हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्रातील कड्यांवरील स्थानिक जातींना त्यात स्थान मिळाले नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वाढविण्यात आली. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३८ अन्वये राज्याशी विचारविनिमय करून केंद्र शासनास नामशेष होऊ घातलेल्या जाती अधिसूचित करता येतात.